कालनिर्णयवरचे खाडे

आमच्या धाकट्या चुलतभावाला मे महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा त्याने मॅनेजरला लिहिलेला मेल मी वाचलाय. इंदूरच्या घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा टाकून तो आंघोळीला गेला होता. दुसऱ्याचे मेल वाचू नयेत, कबूल. पण टेबल रिकामं करायचं काम मला दिलं होतं आणि मेल समोरच होता. तीन परिच्छेद. पहिल्यात आभार, दुसऱ्यात रजेवर असतानाही फोन उचलण्याची हमी, तिसऱ्यात पुन्हा आभार. एवढी नम्रता आमच्या घराण्यात मी याआधी फक्त लग्नपत्रिकेत पाहिली होती.

बरं, रजा त्याची स्वतःची होती. वर्षाच्या शिलकीतली. मागच्या वर्षीचे सात दिवस वापरले नाहीत म्हणून बाद झाले, हेही त्यानेच नंतर सांगितलं, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात उभं राहून, भुट्ट्याचा कीस खाता खाता, जणू शेजाऱ्याचं काही हरवलंय.

माझ्या रजेचं सांगतो. नऊ वर्षं झाली, मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आहे. आठवड्यातून चार दिवस नोकरी करतो आणि बुधवारी घरी असतो, कारण बुधवारी शाळा अर्धा दिवस आणि मुलगी चार वर्षांची. बापाच्या या दिवसाला तिकडे 'पापादाख' म्हणतात. मी त्याला बुधवारचा उपास म्हणतो. त्या दिवसाचा पगार नसतो. इंदूरला जायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या पोर्टलवर अकरा दिवस निवडले आणि बटण दाबलं. अकरा दिवस रजेचे, तीन बुधवार, आठ शनिवार-रविवार आणि २९ मेची त्यांच्या सणाची सुट्टी. १७ मे ते ८ जून २०२५, तेवीस दिवस झाले. बॉसचं उत्तर आलं, त्यात नुसता एक अंगठा होता. मी कुणाचे आभार मानले नाहीत. मानायचे असतात हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

हा उन्हाळा पदरात पडला याबद्दल कुणाकुणाचं देणं लागतो, याचा हिशेब मी परत आल्यापासून मांडतोय. तो सरळ लागत नाहीये.

पहिलं नाव निघतं ते डच संसदेचं, हे जरा विचित्रच आहे. १९६८ साली त्यांनी केलेल्या एका कायद्याने प्रत्येक नोकरदाराला वर्षाच्या पगाराच्या किमान आठ टक्के इतका सुट्टीभत्ता मिळतो. वेगळा. रजेचा पगार तर असतोच, त्यावर हा. बहुतेक ठिकाणी तो मे महिन्यात जमा होतो. त्या पैशातून आमचे शेजारी जुलैत गाडीला कॅरव्हॅन लावून फ्रान्सला जातात. आम्ही तीन तिकिटं काढली. म्हणजे यंदाचा आमरस निम्माशिम्मा डच कायद्याच्या खर्चाने झाला.

त्याच देशाचा दुसरा कायदा मात्र हा असा शेवटचाच उन्हाळा असं सांगून बसलाय. पाच वर्षं पूर्ण झाली की तिथे मुलाला शाळा सक्तीची. नुसती कागदावर नाही. सुट्टी नसताना मूल प्रवासाला नेलंत तर दंड होतो. 'आजी बोलावतेय' हे कारण चालत नाही. मोठी सुट्टी सहा आठवड्यांची, पण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इंदुरात आंब्याच्या गाड्यांवर भुट्टे आलेले असतात तेव्हा. आमची मुलगी ऑगस्टमध्ये पाचाची होणार. त्यामुळे मे महिन्यातलं इंदूर तिला यंदाच दाखवायचं होतं, नाहीतर एकदम ती अठराची झाल्यावर. त्यात ७ मेनंतर सीमेवर जे चाललं होतं त्याने दोन दिवस तिकिटं रद्द करायची चर्चा झाली. १० मेला शस्त्रसंधी झाली. आईचा फोन आला तो थेट विषयावर: 'गहू भिजवायचे कधी ते सांग.'

गहू कुरडयांचे. आई बहात्तर वर्षांची आहे. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की या वर्षी नको, विकत मिळतात, चांगल्या मिळतात. तिने चार किलो गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, गाळले, सत्त्व खाली बसायला रात्रभर ठेवलं आणि चौथ्या दिवशी पहाटे पाचला मला हाक मारली. चीक शिजवणं हे ताकदीचं काम आहे. उकळत्या पाण्यात ते पांढरं सत्त्व ओतलं की चाटू क्षणभर थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. मी जिमला जातो. आई म्हणाली, 'हां, जिमला चीक नसेल होत.' मग काकू आली आणि माझ्या हातातला चाटू काढून घेतला, न रागावता, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेतात तसा.

वाटीभर चीक बाजूला काढून आईने त्यात दूध-साखर घालून नातीला दिला. ती खाऊन म्हणाली, 'दांक यू वेल.' डच मुलांना हे इतकं पढवलेलं असतं की झोपेतही म्हणतात. आई माझ्याकडे बघून म्हणाली, 'कसली वेल म्हणतेय रे ही?' मी सांगितलं, थँक्यू म्हणतेय. आईला ते आवडलं नाही. 'घरात कसलं थँक्यू? पाहुणी आहे का ती?' नात पुढे वाटी धरून उभी होती. आईने पुन्हा भरली.

गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलं, चारी कोपऱ्यांवर विटा, आणि सोऱ्या फिरायला लागला. आठपर्यंत दीडशेच्या वर कुरडया झाल्या. आम्ही खाली येऊन पोहे खाल्ले, वर शेव आणि जीरावनचा मसाला, बाजूला जिलबी. या वर्षी मे महिना मेसारखा नव्हताच. माळव्यात अधूनमधून वळवाचा पाऊस येत होता, आणि मान्सून तर २४ मेलाच केरळात दाखल झाला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. अकराच्या सुमाराला खोलीत अंधारून आलं. काकू जी ओरडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल: 'अरे, काय करून राहिले आहात सगळे? कुरडया!' (हे 'करून राहिले' आमचं इंदुरी मराठी आहे. माझी पुण्याची बायको लग्नाला आठ वर्षं होऊनही त्यावर हसते.)

सगळे धावलो. धाकटा त्या वेळी जिन्याखालच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. रजेवरच होता, पण 'फक्त अर्धा तास'. तोही हेडफोनसकट वर आला, एक कोपरा धरला आणि ओरडला, 'आई, तिकडून उचल, तिकडून, सगळं भिजतंय!' म्यूट करायचं राहिलं होतं. पलीकडे अकरा जण होते, त्यातले तीन अमेरिकेतले, त्यांच्या रात्री. क्षणभर शांतता झाली आणि एकाने काळजीने विचारलं, पूर आलाय का?

निम्म्या कुरडया वाचल्या. त्याही करड्या पडल्या.

तर हा धाकटा. पुण्यात एका कंपनीत आहे, वय चौतीस. चार दिवस रजा आणि दोन दिवस शनिवार-रविवार असे सहा दिवस तो इंदुरात होता, आणि रोज रात्री साडेनऊ ते साडेबारा गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचा, कारण क्लायंटची सकाळ तेव्हा होते. आम्हीही गच्चीवरच असायचो, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. बनारसची पहाट, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं म्हणतात ते उगाच नाही. दिवसभर कितीही तापलं तरी दहानंतर जी हवा सुटते, ती अंगावर घ्यायला आम्ही चटया टाकून पडायचो. टाकीपलीकडून त्याचा आवाज यायचा. 'शुअर, शुअर. ॲब्सोल्यूटली.' मधूनच टाकीला वळसा घालून यायचा, आंब्याची फोड तोंडात टाकायचा, परत जायचा.

शेजारचे एक काका रात्री आमच्या गच्चीवर येतात. ते हुकुमचंद मिलमध्ये होते, कापडखात्यात. ही मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी कोर्टकज्ज्यात अडकली ती तीस वर्षांहून जास्त. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. त्यातले कितीतरी तोवर गेले होते. काका आहेत. त्यांनी त्या पैशातून दात बसवले आणि नातवाला सायकल घेतली. धाकट्याचं 'शुअर, शुअर' ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, 'आमचा भोंगा मालकाचा होता, पण सुटायचं पण तोच सांगायचा. याच्या मशीनला भोंगाच नाही.'

मला वाटतं, कामाच्या तासांवर आपल्याकडे गेली दोन वर्षं जो वाद चाललाय त्यात एवढं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं.

वाद सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपानने केलं तसं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं: नव्वद तास करा, रविवारीही या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार. त्यावर विनोद झाले, टीका झाली, समर्थनही झालं. आम्ही इंदुरात होतो तेव्हाच, जूनच्या सुरुवातीला, आंध्र सरकारने कामाचा दिवस नऊ तासांवरून दहावर न्यायचं ठरवल्याची बातमी आली. काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि काही बोलले नाहीत.

मी परदेशात राहतो म्हटल्यावर या वादात माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघतात. 'तुमच्याकडे बरं असेल ना?' तर साक्ष अशी. युरोपीय संघात सगळ्यात कमी तास काम नेदरलँड्समध्ये होतं, आठवड्याला सरासरी बत्तीसच्या आसपास. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांत भारताची सरासरी सेहेचाळीसच्या वर आहे. म्हणजे भारतीय माणूस आळशी आहे म्हणून त्याला सत्तरचा उपदेश करावा, अशी स्थिती मुळातच नाही. पण ते बत्तीसही दिसतात तेवढे साधे नाहीत. तिथे अर्धवेळ काम करणारे फार, आणि त्यात बायका जास्त, कारण पाळणाघराचं बिल भरण्यापेक्षा एक दिवस घरी राहणं परवडतं. आमचा बुधवार हा काही तत्त्वज्ञानातून आलेला नाही.

आणि रजा मिळून तिचं करायचं काय, हेही कुणी विचारत नाही. गेल्या ऑक्टोबरात मला तीन दिवस उरले होते, घेतले. पहिल्या दिवशी खिडक्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी एका मित्राला फोन केला, भेटू या का म्हणून. त्याने मोबाइलमधलं कॅलेंडर चाळलं आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार दिला, दुपारी दोन ते चार. वाईट माणूस नाही तो. दोन ते चार म्हणजे दोन ते चार, मनापासून बसला. पण तिसऱ्या दिवशी मी उगाच ऑफिसचा मेल उघडून बघितला, हे खरं आहे. डच लोक ओळखीच्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर संडासात टांगतात, रोज नजर जावी म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. आता आमच्याकडेही आहे.

इंदुरात उलट. माणसं न विचारता येतात, दिवसाला सरासरी सात. मी मोजली. पण जो येतो त्याने आपला वेळ कुठून तरी उचलून आणलेला असतो. शाळेतल्या आम्हा सहा मित्रांची महेश्वरची सहल ठरली तेव्हा ते कळलं. एकाचं दुकान, ते भावाच्या गळ्यात घातलं. एक भंवरकुआँला कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. पोरांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजेच त्याचा हंगाम, तो रात्रीची बॅच घेऊन थेट पहाटे गाडीत बसला आणि मानपूरपर्यंत घोरला. एकाने सासू आजारी असल्याचं ऑफिसात कळवलं. सासू उत्तम आहेत, उलट डबा त्यांनीच करून दिला होता. म्हणजे मी सोडून बाकीच्या पाचांपैकी एकानेही आपल्या हक्काची रजा, रजा म्हणून घेतली नव्हती. माझ्यासाठी एक दिवस काढायला कुणी उसनवारी केली, कुणी जागरण केलं, कुणी खोटं बोललं. नर्मदेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो होतो तेव्हा मला त्या दिवसाची किंमत जड झाली. त्यांना नाही. ते मजेत होते, सासूच्या हातच्या पुऱ्या संपवत होते.

जाताना महू लागतं. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १४ एप्रिल १८९१. स्मारकाशी थांबलो. राज्यघटनेचं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी, १९४२ ते १९४६, ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि कारखान्यातला कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने, त्यांच्याच काळात. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो अठ्ठेचाळीसच राहिला. इंदूरपासून तासाभरावर जन्मलेल्या माणसाने कमी करून दिलेले तास आम्ही इंदुरातल्याच गच्चीवर परत करतोय, लॅपटॉपवरून. हे मी मित्रांना ऐकवलं. झोपलेला जागा होऊन म्हणाला, 'भिया, भाषण नंतर. आधी चहा.'

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. धाकट्याने आभार मानू नयेत असं नाही. पण त्याचे आभार चुकीच्या पत्त्यावर जातायत. जी रजा हक्काची, ती मिळाली की तो मॅनेजरचा ऋणी होतो. आणि एकदा ऋणी झाला की फेडणं आलं, मग गच्चीवरचे तीन तास आले, मग 'फक्त अर्धा तास'ही आला. चार किलो गव्हाचा चीक हाटणारी त्याची आई, माझी काकू, तिला मात्र कुणी काही म्हणायचं नाही, कारण घरात कसलं थँक्यू! आपल्याकडे हक्काच्या गोष्टीला उपकार म्हणतात, आणि उपकाराला कर्तव्य. हे मी जेवताना सगळ्यांसमोर बोललो. धाकटा मान हलवत होता, बायको खूश होती. मला स्वतःलाही बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी सांगितलं की भाचीचं लग्न आहे, खरगोनकडे गावी जाणार, आठ दिवस येणार नाहीत.

स्वयंपाकघरात ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर आई दुधाचं लिहिते, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते आणि मावशींचे खाडे मांडते. खाडा म्हणजे तारखेवर लाल पेनाने फुली. महिन्याला दोन खाडे माफ, पुढचे कापायचे. हा हिशेब आमच्या घरी मी लहान असल्यापासून चालत आलाय, बाया बदलल्या तरी. मावशी निघून गेल्यावर काकू म्हणाली, 'यांचं बरं असतं. घरात पंधरा माणसं आणि नेमकं आत्ता लग्न.' आणि धाकटा, तोच, ज्याचे सात दिवस बाद झाले होते, तो म्हणाला, 'ॲडव्हान्स नोटीस तरी द्यायची ना.' तो मॅनेजरच्या आवाजात बोलला, हे त्यालाच पटकन कळलं असावं, कारण पुढचा घास त्याने बराच वेळ चावला.

मी माझं कालचं भाषण पुढे चालू केलं. मावशींनाही भरपगारी रजा हवी, वगैरे. आईने ऐकून घेतलं आणि घासणी माझ्या हातात दिली. 'मग तू घास भांडी. आठ दिवस. पगार मी देते.'

घासली. पंधरा माणसांची, दोन वेळची. तिसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधला.

जानेवारी २०२५ मध्ये सगळा देश नव्वद तासांवर बोलत होता, त्याच महिन्यात, २९ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे ठरवायला समिती नेमा. देशाच्या पातळीवर त्यांच्यासाठी वेगळा कायदा आजवर नाही. यावर विनोद झाले नाहीत, टीका झाली नाही, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एकानेही काही पाठवलं नाही. मीही नाही. नव्वद तासांचे मात्र मी तीन विनोद पाठवले होते.

मावशी ५ जूनला परतल्या. आईने महिन्याचा पगार पूर्ण दिला, एकही खाडा न कापता. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम. रात्री विचारलं तर आई म्हणाली, 'तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा ती रोज दोनदा आलीय. दिवाळीतही.' म्हणजे हक्क वगैरे काही नाही. एक उपकार आणि त्याची फेड. मी म्हटलं, मग पुढची कुणी बाई आली आणि तिने काही उपकार केले नसतील तर? आई म्हणाली, 'तेव्हा बघू,' आणि दिवा मालवला. फुल्या मात्र तशाच आहेत कालनिर्णयवर, आठच्या आठ, मी निघताना बघितल्या.

सकाळी मावशींनी कढई उलटी करून मला दाखवली. 'भैया, ये किसने मांजी?' मी काही बोललो नाही. त्यांनी ती पुन्हा घासली.

त्या शेवटच्या दिवसांत आईला नव्या मेट्रोत बसवलं. ३१ मेला सुरू झाली, पहिला आठवडा फुकट होती, म्हणून सगळं इंदूर सहकुटुंब आलेलं. सहा किलोमीटर, पाच स्थानकं, पाचही बायकांच्या नावांची: अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई. आईने टोकापर्यंत जाऊन विचारलं, 'आता पुढे?' पुढे अजून काही नव्हतं. त्याच गाडीने परत आलो. तिला ते फार आवडलं. कुठे पोचायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, गार हवेत नुसतं बसायचं. मला वाटतं, त्या तेवीस दिवसांत तिने घेतलेली रजा तेवढीच, पाऊण तास.

आइंडहोवनला परतलो तो सोमवारही सुट्टीचा निघाला, त्यांचा कुठलासा सण. बॅगेतून करड्या कुरडयांचा डबा काढला. घर धूळ खात पडलं होतं. आमच्याकडे आठवड्यातून दोन तास साफसफाईला एक बाई येते, बल्गेरियाची. तासाला वीस युरो, रोख. निघायच्या आधी तिला सांगून गेलो होतो, तीन आठवडे येऊ नकोस, आम्ही नाही. पैसेही अर्थातच नाहीत.

अर्थातच. हा शब्द मला त्या सोमवारी खटकला, तोवर नाही. डच कायद्यात घरकाम करणारीलाही वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा आणि तोच आठ टक्के सुट्टीभत्ता आहे. रोखीने देणारे बहुतेक जण देत नाहीत, ती मागत नाही. आमच्या ओळखीत कुणी देत असल्याचं माझ्या कानावर नाही. मी घरी पंधरा माणसांसमोर ज्या कायद्याचं कौतुक केलं, तो मी स्वतः वर्षभर पाळलेला नव्हता, आणि तिचे तीन आठवड्यांचे खाडे मीच तिच्या नावावर घातले होते. निदान लाल पेनाने मांडले तरी नव्हते.

कागद घेऊन बसलो. वर्षाचे दोन हजार ऐंशी युरो. आठ टक्के म्हणजे एकशे सहासष्ट युरो चाळीस सेंट. अधिक तीन आठवड्यांचे एकशे वीस. पाकिटात घातले.

गुरुवारी ती आली तेव्हा दारातच दिलं. तिने मोजले नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे, भिंतींकडे, बॅगांकडे.

'घर सोडताय तुम्ही?'

'नाही,' म्हटलं, 'सुट्टीचे पैसे आहेत.'

ती तिथेच उभी राहिली, पाकीट हातात धरून.

'कुणाच्या सुट्टीचे?'